अकरा नंबरचा तुकडा

मी बर्फाची पेटी. निळ्या प्लास्टिकची, एका बाजूची कडी तुटलेली, झाकण सुतळीने बांधलेलं. अंगाला मासळीचा वास आहे आणि तो आता जायचा नाही. साबण, लिंबू, राख, सगळं करून झालंय.

उत्तनच्या ह्युबर्टने मला घेतली ती त्याच्या बोटीसाठी. काही वर्षं मी समुद्रावर काढली. मग बोटीवर माझ्या चौपट मोठ्या पेट्या आल्या आणि मी त्याच्या बायकोकडे, व्हेराकडे आले. रोज सकाळी ती मला घेऊन मीरा रोडला जायची आणि सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावर मासळी मांडून बसायची. गिऱ्हाईक हिंदीत बोलायचं, ही अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलायची, आणि दोघांचं जमायचं.

त्यांची मुलगी ॲलिशा. ती विद्यापीठात एम.एस्सी. करत होती, मॉलिक्युलर बायोलॉजी आणि जेनेटिक इंजिनीअरिंग. पहिल्या वर्षी तिने जिवाणूंमध्ये एक परका जीन घातला आणि ते निळ्या दिव्याखाली हिरवे चमकले. घरी येऊन तिने ते आईला अगदी रंगवून सांगितलं. व्हेराने सगळं ऐकलं आणि विचारलं, मग आता त्याचं करायचं काय? त्यानंतर व्हेरा शेजारणींना एवढंच सांगायची, पोर मच्छीचं काहीतरी शिकते. शेजारणी हसायच्या. त्यासाठी विद्यापीठ कशाला लागतं?

पण पुढे तेच खरं झालं. दुसऱ्या वर्षी प्रकल्प द्यायची वेळ आली तेव्हा सुचेता मॅडम म्हणाल्या, तू मासळीच्या गावातली, तर बाजारातल्या मासळीचा डीएनए तपास. विकणारा जे नाव सांगतो तोच मासा आहे का, ते बघ. ॲलिशा हो म्हणाली. घरी येऊन मात्र तिने पिशवी कोपऱ्यात टाकून दिली. मासळीपासून लांब जायचं म्हणून तर ती एवढं शिकली होती.

अशी मी तिच्या वाट्याला आले. आठवड्यातले दोन दिवस मी तिच्याकडे, बाकीचे व्हेराकडे. ती मला घेऊन बाजारात फिरायची, काटे काढलेले तुकडे विकत घ्यायची, मग घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे विद्यापीठाच्या विभागात. वरसावे नाक्यावर बस अडकली की तास तास हलायची नाही. बर्फ वितळायचा, ती झाकण उघडून बघायची, परत लावायची. बसमधले लोक नाकाला रुमाल लावायचे. पहिले दोन तुकडे असेच वाया गेले. त्यानंतर ती माशाचा कण लगेच स्पिरिटच्या नळीत टाकायला शिकली.

तिथे मी टेबलाखाली असायचे. डीएनए काढायचा, मशीनमध्ये त्याच्या प्रती वाढवायच्या, त्या जेलच्या पातळ वडीवर चढवायच्या आणि पट्टी उमटते का बघायचं. पट्टी उमटायची नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी ती माझ्याच झाकणावर बसून डबा खायची, आणि खाता खाता तिचे डोळे मिटायचे.

वीस तुकडे घ्यायचे होते. अकरावा तिने घरातूनच घेतला, माझ्यातूनच. आईने व्यापाऱ्याकडून विकायला आणलेला, काटे काढलेला रावस. बाजाराची एक खेप वाचली, एवढाच विचार.

महिन्याने सिक्वेन्सिंगचे निकाल आले. प्रत्येक तुकड्याची अक्षरांची लांबलचक ओळ, आणि ती कुठल्या माशाशी जुळते ते नाव. अकरा नंबरसमोर रावस नव्हता. तळ्यात वाढवलेला, स्वस्तातला बासा होता. ॲलिशाला वाटलं, आपल्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली. तिने तो तुकडा पुन्हा तपासला. मग आणखी एकदा. बासाच आला.

संध्याकाळी व्हेरा मोरीत मला घासत होती. ॲलिशा दारात उभी राहिली.

"मम्मी, तो रावस कुणाकडून घेतलेलास?"

"ते रावस न्हवतं," व्हेरा मान वर न करता म्हणाली. "मला ठाव हाय. तीस वर्सं झाली, हात लावला की कळतं."

"मग लोकांना सांगत का नाहीस?"

व्हेराने घासणं थांबवलं. "तुझा बापूस तीन-तीन दिस जातो नि रिकामा येतो. रावस आणू कुठून? लोकांना काटा नको, वास नको. नाव मात्र रावसाचं पायजे."

आईने नळ पुन्हा सोडला.

पुढचे चार दिवस तिने प्रबंधाला हात लावला नाही. खरं तर फार सोपं होतं. कोष्टकात कुणाचंच नाव नव्हतं, नुसते नंबर. दोन तुकडे खराब म्हणून गळालेच होते, तिसरा गळाला असता तर कुणी विचारलं नसतं. पाचव्या दिवशी तिने मॅडमना सांगून टाकलं, अकरा नंबर माझ्या आईचा आहे.

मॅडमनी कोष्टक पुढे ओढून बघितलं. मग म्हणाल्या, "ठेवायचा की काढायचा, तू ठरव. पण काढलास तर खरं कारण लिही."

खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. तिने तो ठेवला. मग घरी कोष्टक आणून आईला मराठीत वाचून दाखवलं. व्हेराने विचारलं, किती जणींचं खोटं निघालं? अठरापैकी सात. "म्हंजे मी एकटी न्हाय," व्हेरा म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी बेव्हर्ली पार्कची मिनल आली. सहा वर्षांचं गिऱ्हाईक. म्हणाली, "मावशी, अर्धा किलो रावस."

"रावस न्हाय. बासा हाय."

मिनलचा पिशवी उघडणारा हात थांबला. "आणि गेल्या वेळचा?"

"तो पण."

मिनलने पिशवी मिटली आणि ती गेली. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. समोरच्या कोपऱ्यावर रावस मिळतो म्हणे, तिथे घेते.

आता व्हेरा व्यापाऱ्याकडचे तुकडे घेत नाही. ह्युबर्टच्या जाळ्यात येईल ते आणते, बोंबील, मांदेली, कधी नुसता जवळा. बरेच दिवस मी अर्धी रिकामीच असते. ॲलिशा पास झाली. एका तपासणीच्या लॅबमध्ये लागलीय. दिवसभर नळ्या भरते, थकून येते, आणि आई थकून बसलेली असते. दोघी चहा पितात. त्या तुकड्याबद्दल एकमेकींशी बोलत नाहीत, पण चहा एकत्र पितात.

माझ्या तळाला चीर गेलीय. बर्फाचं पाणी रस्त्यावर ओघळतं. एक दिवस मला भंगारात देतील, त्याचं मला वाईट वाटणार नाही. फार ओझं वाहिलं मी. सांगायचं एवढंच, कधी सिल्व्हर पार्कच्या त्या कोपऱ्यावर आलात तर व्हेराला मासळीचं नाव विचारा. ती खरं सांगेल. घ्या, नाहीतर नका घेऊ. फक्त ती सांगत असताना फोनमध्ये बघू नका. ते खरं नाव सांगायला तिला फार जड गेलंय.