लोट्यातलं रगत

माता मायच्या ओट्याजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. भाताच्या रोवणीचा चिखल पायांवर तसाच घेऊन माणसं धावत आली होती. देवीसमोर पळसाच्या पानांचे चार दोने मांडलेले. तिन्हींतला भात पांढरा, चौथ्यातला रक्त शिंपडल्यासारखा लाल.

“पाहा!” बाबुलालबुवा गरजला. “माय बोलते, रगत बोलते, बुवा नुसता ऐकते! हा दोना कोनाचा?”

“कलाबाईचा,” कोणीतरी हळूच म्हणालं.

एकोणऐंशी सालचा श्रावण होता तो. आंधळगावजवळच्या आमच्या खेड्यात देवाजीचं लेकरू हगवणीनं गेलं होतं. दुःखाच्या घरात हंडीत उरलेला भात कोणी फेकला नाही, आणि तो लाल पडला. बुवानं तो पितळी लोट्यात पाणी घालून कालवून ठेवला. करणी कोणाची ते शोधायला चौघींकडून ताजा भात मागवला. कलाबाई विधवा, एकटी. ‘अंगाऱ्यावर राहू नको, लेकराले दवाखान्यात ने,’ असं देवाजीला तीच म्हणाली होती.

“गाव सोड, बाई,” देवाजी म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. गर्दीनं लगेच री ओढली.

मी गावच्या शाळेत मास्तर. दोन दिवसांआधी बुवानं मंत्र पुटपुटत दोन्यांवर कडुनिंबाची डहाळी टेकवली, तेव्हा मी तिथंच होतो. तिघींच्या भाताआधी त्यानं ती साध्या पाण्यात बुडवली. शेवटी कलाबाईच्या भाताआधी मात्र लोट्यात.

“देवाजी, बापू, थोडा थांब,” मी म्हणालो. “आणखी एकदा भात मांडू. या वेळी बुवांचाही.”

“माह्या भाताले काय होते, गुर्जी? मी त मायचा सेवक!”

“मंग भेता काहून?” मागून गर्दीतली गोदावरीबाई म्हणाली. लोक हसले. बुवाला कबूल व्हावंच लागलं.

एकाच हंडीतला भात, निवल्यावर दोन दोन्यांत काढला. कलाबाईच्या दोन्याला उकळत्या पाण्यातून काढलेली नवी डहाळी टेकवली. बुवाच्या दोन्याला त्याचीच डहाळी, त्याच्याच लोट्यात बुडवून. वर ओलं फडकं झाकलं आणि राखणीला देवाजीलाच बसवलं.

दोन दिवसांनी फडकं त्यानंच काढलं. कलाबाईचा भात पांढरा. बुवाचा लालभडक.

“घ्या! बुवाच चेटकीन निंगाला!” कोणी ओरडलं. बुवा लोट्याकडे झेपावला, पण लोटा देवाजीच्या हातात होता.

“गुर्जी, रगत नोहे त हे काय होय?” माझ्या वर्गातल्या मुलीनं विचारलं.

“जीव आहेत, बाळ. डोळ्यांना एकेकटे न दिसणारे. ओल्या, शिळ्या भातावर ते वाढतात आणि त्यांचा रंग दिसू लागतो. त्यातले थोडे उचलून दुसऱ्या भातावर ठेवले, की तिथंही वाढतात.”

“म्हंजे दुधाले लावते तसं बुवानं इरजनच लावलं म्हना!” गोदावरीबाई म्हणाली. याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

“माह्या लेकराले यायनंच मारलं का?” देवाजीनं लोटा पुढं करत विचारलं.

“नाही, देवाजी. मी दवाखान्यात विचारून आलो; डॉक्टर म्हणाले, लेकराच्या हगवणीचे जंतू पिण्याच्या पाण्यातले असावेत. ते रंग दाखवत नाहीत. पाणी उकळून प्यायचं, आणि हगवण लागली की आधी दवाखाना.”

देवाजीनं लोटा खाली ठेवला. गर्दी पांगू लागली. तेव्हा कलाबाई बोलली.

“भाताचं समजलं, गुर्जी. पन लोट्यात डहाळी एकट्या बुवानं बुडवली. मले जा म्हननारे त सारेच होते. त्यायले कोनतं इरजन लागलं होतं?”

जाणारे थबकले. मागं वळून कोणी पाहिलं नाही.

मुलांनो, तिचा तो प्रश्न मी प्रत्येक वर्गापुढं ठेवतो. तुम्हाला एवढंच सांगतो. चमत्काराच्या नावानं कोणाकडे बोट दाखवलं गेलं, की त्या बोटामागं उभे राहू नका. गर्दीतून पुढं या आणि म्हणा, “बुवा, तुमचाही दोना मांडा.”