मगनने सुचवलेला उंबरा

रेडिओ मगनचा होता, निदान बंद पडेपर्यंत तरी. प्रकाशा गावातल्या मोठ्या केळीवाल्याचा तो मुलगा. बापाने नवा ट्रान्झिस्टर आणला तेव्हा जुनं, मुकं झालेलं धूड त्यानेच वसतिगृहातल्या वीरसिंगला देऊन टाकलं होतं. "ले, चुल्हामा घाल," असं वर म्हणालाही होता. आता शाळेतल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याच धुडापुढे अकरावीचा सगळा वर्ग दाटी करून उभा होता आणि मगनच्या अंगाचा तिळपापड होत होता.

वीरसिंग सातपुड्यातला. त्याने रेडिओचं लाकडी खोकं गेरूने रंगवून त्यावर चुन्याचे पांढरे घोडे काढले होते. डायलचा बारका दिवा एका घोड्याच्या डोळ्यात बसवला होता. आतली तार सोडवून खिळ्यावर गुंडाळली होती. वीज आली की खिळा लोखंडी पट्टी ओढायचा आणि पट्टी बैलाच्या गळ्यातल्या घंटेवर आपटायची. सेल म्हणाल तर लोकांनी फेकून दिलेले, भोकं पाडून मिठाच्या पाण्यात भिजवलेले. समोर जमिनीवर पत्र्याच्या दोन पट्ट्या, मध्ये कापसाचे बोळे. वरच्या पट्टीवर पाय दिला की दोन्ही टेकायच्या आणि टण्ण! आणि पाय असेपर्यंत घोड्याचा डोळा उघडा.

मगनने सरकी काढायच्या जिनचा नमुना आणला होता, तोही सुताराकडून करवून घेतलेला. पोरं त्याला "वा" म्हणत आणि घोड्याकडे पळत. शाळेतून एकच वस्तू धुळ्याच्या प्रदर्शनाला जाणार होती, आणि हे शहाणे मगनराव धुळ्याला निघाल्याचं घरी सांगून मोकळे झाले होते.

संध्याकाळी मगन गोड आवाजात म्हणाला, "वीरसिंग, पट्टी उघडीबोडकी दिसी ऱ्हायनी. हळद-कुकू लाव, घरना उंबरासारखं. मस्त दखाई."

वीरसिंगच्या कुडाच्या घराला उंबराच नव्हता. बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने मगनचे आभार मानले आणि हळद कालवली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया आल्या. रंगवलेलं खोकं, पुढे हळदकुंकवाचा उंबरा. त्यांनी बाहेरच चपला काढल्या. बोटांची टोकं पट्टीला लावली, कपाळाला नेली आणि पुढे सरकल्या. घोडा झोपलेलाच.

"पाय ठेवा ना, बाई," वीरसिंग काकुळतीला आला.

"उंबराले पाय? शाळामा हाईच शिकाडतस का?" एक बाई कडाडली.

हेडमास्तरांनी डोळे वटारले. त्यानंतर वीरसिंगची स्वतः पाय ठेवून दाखवायचीही हिंमत होईना. धुळ्याहून आलेले परीक्षक क्षणभर थांबले, "चित्र बरं आहे," म्हणाले आणि जिनकडे वळले. मगनच्या जिवाला गारवा वाटला. किती दिवसांनी!

तेवढ्यात तापीबाई आली, मगनची आई. गुडघ्यांनी बेजार झालेली. ती कशीबशी खाली बसली, उंबऱ्यावर डोकं टेकवलं, आणि उठताना दोन्ही तळहात रेटून सगळा भार त्या पट्टीवर टाकला.

टण्ण!

"माय वं! डोया उघाडा त्यानी!"

मग काय, बायांची रांगच लागली. परीक्षक धोतर सावरत मागे आले. त्यांनीही वाकून हात रेटला आणि लहान मुलासारखे हसले. "माणसाला वाकायला लावतोस की रे! ही उंबऱ्याची कल्पना कुणाची?"

"मगनभाऊची, सर," वीरसिंग म्हणाला. "माझी नाही. मला सुचलीच नसती."

"मग दोघांची नावं लिहा. दोघंही धुळ्याला या."

ओरडून खरं सांगावं असं मगनला वाटलं. पण सांगायचं काय? धुळ्याला जायला मिळालं होतं, आणि तेही त्या डोंगरातल्या पोराने दान दिल्यासारखं. आता तर त्याला वीरसिंगच्या भोळेपणाचाच मत्सर वाटू लागला.

तापीबाईने लेकावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "मन्हा मगननं डोकं! तू बी पाया पड ना रे."

सगळे बघत होते. मगन खाली बसला, बोटांची टोकं लावल्यासारखं केलं. काही वाजलं नाही.

"असं नही, मगनभाऊ," वीरसिंग शेजारी उकिडवा बसला. "पुरा भार टाकना पडस."

मगनने भार टाकला. घंटा वाजली, डोळा उघडला आणि थेट त्याच्याकडे पाहू लागला. हात काढला असता तर तो लगेच मिटला असता. पण मग मान वर करून वीरसिंगकडे पाहावं लागलं असतं. मगन हात रेटून तसाच बसून राहिला.