मयत सभासदाचं रक्त

मी एक जुना अ‍ॅनालायझर आहे. बारामतीच्या एका लॅबमध्ये माणसांच्या रक्तातली कर्करोगाची खूण मोजून आकडा सांगणं हे माझं काम. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून डोळे पुसू नका. मला दया नको. मला सूड हवा होता आणि तो मी घेतला.

अकरा वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा लॅबचे मालक विजयसिंह यांनी मला हार घातला, पेढे वाटले. "आमचं मशीन खोटं बोलत न्हाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरंच होतं ते. खोटं बोलायला माणसं होती की.

मग एक नवं, चकचकीत मशीन आलं. नव्यावर भरवसा ठेवण्याआधी एक नियम असतो. चाळीस वेगवेगळ्या माणसांचं रक्त, काही निरोगी, काही आजारी, जुन्या-नव्या दोन्हींवर तपासायचं आणि आकडे जुळतात का ते पाहायचं. एकाच्या रक्तावर बरोबर चालणारं मशीन दुसऱ्याच्या रक्तावर फसू शकतं. त्याला आठवडे लागतात. विजयसिंहांना तर उद्घाटन करायचं होतं. त्यांनी बाही वर केली, स्वतःचं रक्त काढलं आणि चाळीस नळ्यांत वाटलं. नावं? ते पळसदेव गावच्या विकास सोसायटीचे संचालक. सभासदांची यादी कपाटात होतीच. वरून खाली उतरवून काढली.

लॅबमधली प्रगती म्हणाली, "सर, सगळं रक्त तुमचंच हाय की!"

"मग? माझं रक्त काय खोटं हाय व्हय?"

आकडे जुळले. एकाच धडधाकट माणसाला चाळीस वेळा विचारल्यावर दुसरं काय होणार? फाइलवर सही झाली. मला संडासालगतच्या कोपऱ्यात ढकललं. डोक्यावर जुनी कॅलेंडरं आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा.

मग एक दिवस पळसदेवच्या ठमाबाई आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. दर तीन महिन्यांनी माझ्यावर त्यांचा आकडा दोनच्या आसपास यायचा. नव्या मशीननं सांगितला अठरा! डॉक्टर म्हणाले, रोग परतलाय, सोमवारपासून पुन्हा सलाईनमधून औषधं. बाईंचे केस आत्ता कुठं फणीत यायला लागले होते.

"ह्यो आकडा मला पटत न्हाय," ठमाबाई म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्यावर बघा."

"मावशी, त्यो भंगारात निघालाय," विजयसिंह हसले.

प्रगतीनं माझ्यावरचा डबा उचलला आणि मला चालू केलं. आकडा आला, दोन पूर्णांक एक.

विजयसिंह तडकले. "त्यो बिघडलाय! चाळीस जणांवर ताडून मग नवं घेतलंय."

"दावा की ते चाळीस," बाई म्हणाल्या.

त्या चाळीस नळ्या माझ्यावरही तपासल्या होत्या, नावं माझ्या पोटात होती. प्रगतीनं माझं छपाईचं बटण दाबलं. मित्रांनो, एरवी माझा कागद दर चार ओळींनी अडकतो. त्या दिवशी मी अडकू दिला नाही. पट्टी पार फरशीवर लोळली. ठमाबाई बचत गटाच्या अध्यक्ष. बोट लावून त्यांनी नावं वाचली आणि एका ओळीवर थांबल्या.

"हे आमचं धनी, रावजी. वारून नऊ वर्षं झाली. ह्यांचं रक्त कुठनं काढलंसा, विजयसिंहराव?"

बाकावरचे सगळे पेशंट उठून उभे राहिले.

"यादी जुनी हाय, मावशी..."

"यादी जुनी आन् रक्त ताजं?"

त्याच दिवशी बाईंचं रक्त पुण्याला गेलं. उत्तर आलं, दोन पूर्णांक दोन. सोमवारचं औषध रद्द झालं. नव्या मशीनवर कापड पडलं आणि मला पुन्हा खिडकीशी आणलं. खऱ्या चाळीस माणसांचं रक्त जमवायला विजयसिंह आता गावोगाव फिरतात. मी त्यांना माफ केलेलं नाही.

"मावशी, ती पट्टी तेवढी द्या," ते परवा म्हणाले.

"देते की. सोसायटीच्या सभेत वाचून झाली की देते."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा असं मी म्हणत नाही. धूळ आम्हाला चालते. पण ज्याचं नाव नळीवर लिहाल, त्याच्याच अंगातलं रक्त तिच्यात असू द्या. आमच्या आकड्याच्या भरवशावर कुणीतरी शिरेत सुई टोचून घेत असतं.