लोडच्या पोटावरची कातडी

मी एक जुनी कातडी आहे. मित्रांनो, ईऽऽ करून तोंडं वाकडी करू नका. मोडक्या छत्रीचं आणि फुटक्या बादलीचं गाऱ्हाणं तुम्ही मन लावून ऐकता, मग माझ्याच वेळी नाकं का मुरडता? मी तर तुमच्या प्रत्येकाच्या अंगावर आहे.

एका सोफ्याच्या कारागिराच्या पोटावरची मी कातडी. वय वर्षं शेहेचाळीस. आत्ता मी दवाखान्याच्या खाटेवर, निळ्या गाऊनखाली पडून आहे. सकाळी डॉक्टरबाईंनी माझ्या माणसाला उभं करून माझ्यावर जांभळ्या पेनानं दोन रेघा ओढल्या. एक बेंबीच्या वरून आणि एक पार खालून. त्या दोन रेघांमधला माझा भाग तासाभरात कापून काढायचा आहे. म्हणून म्हटलं, सगळीच्या सगळी शाबूत आहे तोवर बोलून घ्यावं.

कापायला माझी ना नाही, हे आधीच सांगते. रडगाणं गायला मी बसलेली नाही. पण एवढी वर्षं ज्याच्या अंगाला चिकटून काढली, त्यानं निरोपाचा एक बरा शब्द तरी बोलावा की नाही? शिव्या पुष्कळ खाल्ल्या. हल्ली त्याही बंद झाल्या आहेत, पण बरा शब्द काही आलेला नाही. आणि घड्याळ तर पुढे चाललं आहे.

माझी सुरुवात झाली तेव्हा मी वीतभर होते. त्याची आई त्याच्या पोटावर तोंड ठेवून फुर्रर्र करायची आणि तो पाय झाडत खदखदून हसायचा. ती फुर्रर्र माझ्या वाट्याची होती बरं का! तो वाढला तशी मी वाढले. सातव्या वर्षी हा पठ्ठ्या फाटकावरून उडी मारायला गेला आणि खिळ्यावर अडकला. मी चांगली चार बोटं फाटले. पण आठ दिवसांत मी माझी मला शिवून काढली. ना सुई, ना दोरा. तो मात्र महिनाभर मित्रांना ती खूण दाखवून स्वतःच्याच शौर्याच्या बाता मारत होता.

सोळाव्या वर्षी तो सोफ्याच्या कारखान्यात लागला. कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाची एक लांबट खोली. एका भिंतीला फोमच्या लाद्या, दुसऱ्या भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे, आणि मधे उघडे पडलेले सोफे. सगळीकडे गोंदाचा वास. त्याचा हात मात्र सोन्याचा. तो खुर्चीवर कव्हर ताणून पिना मारायचा तेव्हा कुठे झोळ म्हणून दिसायचा नाही. गिऱ्हाईक हात फिरवून म्हणायचं, "वा, नवी कोरी वाटते!"

पुढे तो जाड होत गेला. का, ते विचारू नका. भूक मोठी होती, काळज्या होत्या, आणि काळजीतही त्याला भूकच लागायची. होता होता एकशे अडतीस किलो झाला. कारखान्यात त्याचं नाव लोड पडलं, तोही हसून ओ द्यायला लागला. मित्रांनो, त्या काळात मी काय सोसलं ते माझं मला ठाऊक. रोज थोडी थोडी ताणले जात होते. अंगावर पांढरट रेघा उमटल्या. आता फाटते की मग फाटते, असं व्हायचं. पण फाटले नाही. त्याचं जे काही होतं ते सगळं पोटाशी धरून राहिले.

मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात तो सोफ्याच्या तळाच्या पट्ट्या बदलायला गुडघ्यांवर बसला, आणि त्याला उठताच येईना. सोफ्याला धरून पाहिलं, भिंतीला धरून पाहिलं. शेवटी घरच्या दोघांनी काखेत हात घालून त्याला वर ओढला. ते घर सज्जन होतं, कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं उलट त्याला बसायला स्टूल आणून दिलं. दुसऱ्याच दिवशी तो डॉक्टरांकडे गेला.

दोन वर्षं त्यानं कष्ट उपसले, हे मी कबूल करते. ताटातलं निम्मं कमी केलं. घरापासून कारखान्यापर्यंत चाळीस मिनिटं चालत जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत जातानाच त्याच्या नाकी नऊ यायचे. पण गडी हटला नाही. एकशे अडतीसचे एकोणऐंशी झाले.

आणि मग कौतुकाचा पाऊस! डॉक्टरांच्या औषधाचं कौतुक झालं. बायकोच्या शिस्तीचं झालं. कुणीतरी तर त्याच्या बुटांचंही केलं. कौतुकानं माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. याच्या अंगावर काही चढलं नाही, कारण घरी येऊन शर्ट काढला की आरशात त्याला मी दिसायची.

मी कशी दिसत होते, ते खरं सांगते. पोटावरून एप्रनसारखी खाली लोंबत होते. तो बसला की त्याच्या मांडीवर येऊन पडायची. तो पळाला की टाळ्या वाजवायची, आणि त्या टाळ्या त्याला मुळीच आवडायच्या नाहीत. चिमटीत धरून तो मला म्हणायचा, "घाण! कशाला राहिलीस तू?" गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय! अहो, जायचं तरी कुठे होतं मी? बारा-पंधरा वर्षं ताणून ठेवलेलं इलॅस्टिक सोडलं म्हणून लगेच मागे येतं का? त्यानं व्यायाम केले, आतले स्नायू चांगले घट्ट झाले. मला फार काही फरक पडला नाही. यात त्याचा आळस नव्हता आणि माझा हट्टही नव्हता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सोफ्याचा दांडा उचलताना त्याचा शर्ट वर सरकला. त्याच्याबरोबर काम करणारा स्प्रिंग नावाचा एक काटकुळा माणूस होता, जिभेला हाड नसलेला. तो ओरडला, "काय रे लोड! कापूस काढलास आणि खोळ तशीच ठेवलीस होय?"

सगळे हसले. तोही हसला. मी मात्र त्याच्या पोटावर होते ना, त्याचा श्वास कसा अडकला ते मला कळलं.

त्या दिवसापासून तो हात धुवून माझ्या मागे लागला. सोफ्याच्या तळाला जी जाड पट्टी ताणतात ना, तिचाच त्यानं पट्टा शिवला आणि मला आत कोंबून करकचून आवळायला लागला. दिवसभर घाम साचायचा, वारा लागायचा नाही. माझी घडी आतून लाल झाली, खाजू लागली. मग त्यानं असं काही केलं, की ते सोफ्याच्या कारागिरालाच सुचावं. रेक्झिनला सुरकुती पडली की ते लोक गरम हवेचा ब्लोअर फिरवतात. रेक्झिन जरासं आक्रसतं आणि सुरकुती नाहीशी होते. हजार वेळा त्यानं ते केलेलं होतं. एका दुपारी सगळे माल पोचवायला गेलेले असताना त्यानं शर्ट वर केला आणि तो ब्लोअर माझ्यावर धरला.

आधी हातभर लांबून धरला. मी लाल झाले, पण आक्रसले नाही. मग त्यानं जवळ आणला. वेडा रे वेडा! शहाणासुरता बाप्या माणूस, पण लाज शिरली की अक्कल बाहेर पडते. मी तळहाताएवढी भाजले. मित्रांनो, हा खेळ कुणी चुकूनही करू नका. कातडी म्हणजे रेक्झिन नव्हे.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. भाजल्यावर वरून पुन्हा तोच पट्टा आवळला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याला वाटलं असेल. पण चौथ्या दिवशी जखम चिघळली आणि अंगात ताप भरला.

त्याची बायको शाळेची व्हॅन चालवते. चौदा पोरांना रोज वेळेवर पोचवणारी बाई ती, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. दीड वर्षं हा तिच्यासमोर शर्ट बदलत नव्हता. बारीक झाला आणि परका झाला, असं तिला वाटत होतं. संध्याकाळी व्हॅन लावून ती आत आली, तर हा पलंगावर कुडकुडत पडलेला.

"अहो, हा वास कसला येतोय? शर्ट काढा बघू."

"राहू दे. थंडी वाजतेय."

"मी काय म्हणतेय? काढा!"

"तुला नाही बघवणार गं."

"बघवतं की नाही, ते मी ठरवेन."

तिनं स्वतः बटणं काढली, पट्टा सोडला आणि मला पाहिलं. मी श्वास रोखून होते. ती किंचाळेल, नाहीतर तोंड फिरवेल, असं मला वाटलं. ती खाली बसली आणि रडायला लागली. "एवढं भाजून घेतलंत? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

ती त्याच व्हॅनमधून त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. आणखी दोन दिवस गेले असते तर विष अंगभर पसरून जिवावर बेतलं असतं, म्हणाल्या. पट्टा त्यांनी कचऱ्यात टाकायला लावला. मग समजावून सांगितलं की सकाळ-संध्याकाळ घडी उचलायची, कोमट पाण्यानं धुवायची, मऊ कापडानं टिपून कोरडी करायची आणि मलम लावायचं. त्याला स्वतःला घडीखालचं दिसत नव्हतं, तेव्हा हे काम बायकोकडे आलं.

पहिले तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, जणू आम्ही दोघी त्याच्या कुणी नव्हतोच. चौथ्या दिवशी मलम लावता लावता ती म्हणाली, "यापेक्षा सैल कव्हरं माझ्या व्हॅनच्या सीटांना आहेत. किती वर्षं सांगतेय शिवून द्या म्हणून. लोकांचे सोफे चकाचक आणि घरच्या व्हॅनचा फोम बाहेर. दिव्याखाली अंधार!"

त्याला हसू आलं. हसताना मी गदागदा हलले, आणि पहिल्यांदाच त्यानं मला झाकायला हात आणला नाही.

भरून यायला मला पाच आठवडे लागले. लहानपणी आठ दिवस पुरले होते. आता वय झालं. पण आले भरून. कडेनं गुलाबी होत होत आत सरकत गेले. तो रोज हातात आरसा धरून बघायचा. एकदा बायकोला म्हणाला, "रेक्झिन जळलं की संपलं, फेकूनच द्यावं लागतं. ही मात्र भरून आली की गं!" हे तो तिला म्हणाला. मला नाही.

नंतर वर्षभर वजन जागेवर राहिलं. तो मला रोज धुवायचा, कोरडं करायचा, मऊ सुती आधार बांधायचा. तरी त्याच्या कामात मी आडवी येतच होते. सोफ्याखाली वाकलं की मी मधे दुमडायची, उन्हाळ्यात पुन्हा खरचटायची, त्याची पाठ दुखायची. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, हवं असेल तर ऑपरेशन होऊ शकतं. केलंच पाहिजे असं नाही.

"माझ्यासाठी म्हणून करू नका हं," बायको म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही. वाकायला अडतं म्हणून," तो म्हणाला.

ते ऐकून मला बरं वाटलं. लाजेपायी कापून घेणं आणि कामापायी कापून घेणं, यात फार फरक आहे. आज सकाळी रेघा ओढून झाल्यावर तो आरशात बराच वेळ बघत होता. मग अगदी कारागिराच्या थाटात म्हणाला, "बाई, फार ताणू नका हं. मला खाली बसावं लागतं. थोडी सैल ठेवा." डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "तुमच्याएवढं नाही, पण थोडं आम्हालाही कळतं."

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. तुम्ही जाड असा, बारीक असा, जाडाचे बारीक झालेले असा, तुमच्या कातडीला शिव्या देऊ नका. तिला धुवा, कोरडी ठेवा, दुखलं-खुपलं तर लाज सोडून घरच्यांना सांगा. आणि दुसऱ्याचा शर्ट वर सरकला, तर खोळ म्हणून हसू नका. हसणारा जेवायला निघून जातो आणि ज्याला हसलात तो...

थांबा. ट्रॉली आली.

दोघांनी त्याला खाटेवरून ट्रॉलीवर घेतलं आहे. बायको व्हॅनच्या किल्ल्या मुठीत घट्ट धरून बाजूनं चालते आहे. दारापाशी हिरव्या टोपीतल्या डॉक्टरबाई उभ्या आहेत. त्या विचारतात, "काय, भीती वाटतेय?"

"नाही," तो म्हणतो. मग गाऊनखाली हात घालून माझ्यावर ठेवतो. हात ऊबदार आहे. तो चिमटा काढत नाही, आवळत नाही, नुसता ठेवतो. "बाई, जरा जपून काढा हिला. तीस वर्षं या धंद्यात आहे मी. इतका ताण सोसणारा माल हाताखालून गेला नाही माझ्या."

डॉक्टरबाई मान हलवतात. बायको पदरानं डोळे पुसते. तो हात काढून घेतो, आणि ट्रॉली आत जाते.