रघुनाथाचे गाऱ्हाणे

“माका काय जालां? सगळां बरां आसा,” रघुनाथ खुर्चीत रेलून म्हणाला. “आयकल्लां याद रवता, लोकांकडे बोलूंक जाता, देवाक गाऱ्हाणां घालूंक जाता. आनी कितें जाय?”

समोरच्या गौरवीने मान हलवली. डोक्याला मार लागलेली माणसे ती साखळी गावातल्या दवाखान्यात तपासायची. तिची रीत अशी, की जे प्रश्न रुग्णाला, तेच घरच्या माणसालाही, पण वेगळ्या खोलीत. दोघांच्या उत्तरांत अंतर पडले, की आपले काय बिघडले आहे ते रुग्णाला उमजत नाही, हे तिला कळायचे.

शेजारच्या खोलीत देवकीने सगळ्यालाच ‘बरां’ म्हणून टाकले होते. नवऱ्याची अब्रू अशी परक्यापुढे कोण मांडणार? धारगळला देवळात लोकांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. हायवेवर स्कूटर घसरली, डोक्याचे ऑपरेशन झाले, तरी मान काही गेला नव्हता.

“काकी,” गौरवी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “तुमी दोगांय एकच सांगतात. म्हणजे तांकां आपलां सगळां कळता, असां जाता. मागीर मी तांकां बरे म्हणून सोडतलां. खरेच बरे आसात?”

देवकीला गेला सोमवार आठवला. शेजारची सुविधा नारळ घेऊन देवळात आली होती. तिचे बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेले होते. मनाला जरा शांती मिळू दे, एवढेच देवाला सांगा, असे तिने रघुनाथला नीट समजावले होते. त्याने नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकीचां बाळंतपण सुखरूप कर रे म्हाराजा!”

आणि जमलेले सगळे सवयीने ओरडले, “व्हय म्हाराजा!”

सुविधा तोंडावर हात दाबून निघून गेली. रघुनाथला कोणी चकार शब्द बोलले नाही. देवकीही बोलली नाही. लोकांचा तिला राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

ती उठली, नवऱ्याच्या खोलीत गेली आणि त्याच्या तोंडावरच गौरवीला सगळे सांगून मोकळी झाली.

“फट मारता ही, सगळां खोटां!” रघुनाथ उसळला. “सगळ्या गांवान व्हय म्हटलां!”

“तांकां सवय आसा व्हय म्हणपाची,” देवकी म्हणाली. “पोर गेलां तिचां. तुमकां तिणें सांगिल्लां.”

तो ओंजळीत तोंड धरून रडला. थोडे दिवस गाऱ्हाणे दुसऱ्याला घालू दे, असे गौरवी म्हणाली, तेव्हा त्याने मान डोलावली. देवकीला वाटले, सुटलो एकदाचे.

पुढच्या सोमवारी तो आंघोळ करून, धोतर नेसून बाहेर आला. देवळात घंटा वाजत होती.

“गाऱ्हाण्याक आज कोण गेलो?”

“गोकुळदास.” हा त्याचा चुलतभाऊ.

“कित्याक? हांव मेलां?”

त्याच्या चेहऱ्यावर नुसता राग होता, दवाखान्यातले काही आठवत असल्याची खूण नव्हती. देवकीने त्याला हाताला धरून खाली बसवले आणि सुविधाचे मूल गेल्याचे पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतले. ऐकून तो रडला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.