छटाकभर जास्त

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्याच्या स्टेशनरस्त्यावर उकंडरावांचं डाळीचं दुकान होतं आणि दुकानात वजनांचे दोन संच होते. शेतकऱ्याकडून तूर घ्यायला जड, गिऱ्हाइकाला डाळ द्यायला हलका. एवढं सोडलं तर उकंडराव फार धार्मिक. दसऱ्याला दोन्ही संचांना सारखंच कुंकू लावायचे.

एक दिवस वजनमापांचा इन्स्पेक्टर दुकानात शिरला. उकंडरावांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, हलका संच पटकन मांडीखाली सारला आणि वर लुगडं पसरलं. बाईमाणसाला ऊठ म्हणायची इन्स्पेक्टरची छाती झाली नाही. जड संच मात्र सापडला. पाच शेरांचं वजन छटाकभर जास्त भरलं. खटला उभा राहिला. सजा झाली तर उकंडराव तुरुंगात आणि दुकानाला कुलूप.

मलकापूरचे रज्जाक वकील सगळं ऐकून खूश झाले.

"जड सापडलं न? मंग काऊन रडून राह्यले? जड वजनानं मोजलं त गिऱ्हाइकाले जास्त जाते. फसलं कोन? तुमीच!"

"पन त्यानं त आमी घेतो," उकंडराव पुटपुटले.

"हे म्या आयकलंच नाही. भाबी, तुमी साक्षीले या. एकच सांगा, याच वजनानं आमी डाळ इकतो."

अन्नपूर्णाबाई पुढे सरकल्या. "देवाची शपथ घ्या लागते?"

"हाव."

"माह्या देवाची! तुमचं काय जाते सांगाले?"

"तुमच्याकडं देव लय हायेत भाबी. एखादा रुसला त बाकीचे सांभाळतीन."

शेतकऱ्यांना खरं ठाऊक होतं, पण पेरणी सोडून मलकापूरच्या कोर्टात कोण येतं? गिऱ्हाइकांची मात्र निम्मी आळी गाडीत बसून तमाशा बघायला आली. अन्नपूर्णाबाईंनी शपथ घेतली. नवऱ्याचे सुकलेले ओठ पाहिले आणि सांगितलं तसं बोलून मोकळ्या झाल्या.

नागपूरकडून आलेले मॅजिस्ट्रेट हसले. "जास्त देणाऱ्याला सजा करायचं कलम मला तरी सापडत नाही." उकंडराव सुटले, वजनंही परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच रांग लागली. पुढे शेजारच्या रुखमाबाई. "काढा ते कोर्टातलं वजन!" त्यांच्या मागं, सकाळच्या गाडीनं आलेले, पिशवी घेऊन खुद्द रज्जाक वकील.

उकंडराव बायकोच्या कानाशी लागले. "हलकं काढ. कोर्ट संपलं आता."

"तुमचं संपलं. शपथ माही हाये."

"अवं, पन हलकी वजनं गेली कुठं?"

"हिरीत."

उकंडराव वकिलांवर उखडले. "साहेब, तुमी मले सोडवलं का बुडवलं?"

"सोडवलं! तुरुंगात असते त आज दुकानात कसे राह्यले असते?"

"मंग तूर तरी याच वजनानं घेऊ न?" उकंडरावांचा आवाज पार खाली गेला.

"नाही. शिक्क्याचं नवं वजन आना," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "घ्याले सरकारी, द्याले कोर्टाचं."

उकंडराव ओट्यावर मटकन बसले. बाईंनी पदर खोचला, पाच शेरांचं वजन तराजूत ठेवलं आणि डाळीचं पारडं पुरतं खाली जाईपर्यंत हात आखडला नाही. रुखमाबाई गेल्या तशी अन्नपूर्णाबाईंनी वकिलांची पिशवी पुढे ओढली.

"बोला, किती देऊ?"