रिकामी ठेवू नको

"हिच्यात आधी कायतरी ठेव, ईश्वरी. रिकामी ठेवू नको."

मित्रांनो, नव्या घरी माझ्या कानी पडलेलं हे पहिलं बोलणं. तुम्ही म्हणाल, हार्ड डिस्कला कुठले आले कान? पण ज्या पोटात अख्ख्या तालुक्याची लग्नं मावली, त्या पोटाला दोन शब्द ऐकू येणं काही अवघड नाही. होय, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. धारूरच्या बाजारात सिद्धारामआप्पांचं पत्रिका छापायचं दुकान होतं. माझी उमेदीची वर्षं तिथं गेली आणि त्यांचा मला अभिमान आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. देशाची दारं बाहेरच्या मालाला मोकळी झाली, तशी मी औरंगाबादच्या दुकानात येऊन बसले. तिथून आप्पांनी मला टॉवेलात गुंडाळून एसटीनं आणलं. खड्ड्यात गाडी आदळली की ते दोन्ही हात माझ्यावर झाकत. शेजारच्या बाईनं विचारलं, "लेकरू हाय का काय?"

"लेकरूच समजा," आप्पा म्हणाले. "हळू बोला, झोपलंय."

दुकानातल्या कॉम्प्युटरात एक डिस्क आधीच नांदत होती. एकाच पट्टीसारख्या वायरला आम्ही दोघी जोडल्या गेलो, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. कॉम्प्युटर जागा करायचा मान थोरलीचा, कारण विंडोज तिच्याकडे. कोठार माझ्याकडे. आप्पांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर गुळाचा खडा ठेवला आणि लेकीला, ईश्वरीला, ते सुरुवातीचं वाक्य म्हणाले. नवं भांडं घरात आलं की त्यात मूठभर धान्य घालतात, तसं.

"आप्पा, गूळ उचला, मुंग्या आत जातील," ईश्वरी म्हणाली. पण तिनं वडिलांचं ऐकलं. आमच्या पत्रिकांच्या माथ्यावर छापायच्या नंदीचं चित्र तिनं माझ्यात पहिलं आणून बसवलं.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. लग्नसराईत मला उसंत नसे. कमानी, कलश, तोरणं, मामांची नावं, काकांची नावं, रुसलेल्या आत्याचं मागून वाढवलेलं नाव, सगळं माझ्यात. लोक म्हणत, "आप्पा, तुमच्या मशीनला लई ध्यान राहतं." आप्पा माझ्या डब्यावर हात फिरवत.

आप्पांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला ते कधी 'नाही' म्हणत नसत. दुकानात तो शब्द उच्चारू नये, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. एखादी गोष्ट द्यायची नसली की ते हसून म्हणत, "बघू." पडद्यावर कॉम्प्युटर काही विचारायचा तेव्हाही ते लगेच 'होय' दाबत. "एवढं आदबीनं इचारतंय, नाराज कावून करायचं?"

ईश्वरी याच दुकानात वाढली, शिकली. एकदा तिनं पेपरात वाचलं की औरंगाबादच्या एका कंपनीला लिनक्स येणारी माणसं हवी आहेत. येताना त्यावर स्वतः केलेलं काम घेऊन यायचं होतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी व्यवस्था. तिची सीडी एका मासिकाबरोबर आली होती. ईश्वरीनं वडिलांना विचारलं, "आप्पा, शिकते. जमलं तर औरंगाबादला जाऊ का?"

आप्पा शाई ढवळत होते. "धाकटी डिस्क घे शिकायला," ते म्हणाले. "जायचं बघू."

दारात उभ्या असलेल्या तिच्या आईनं, शिवकांताबाईंनी, लेकीकडे पाहिलं. दोघींना त्या 'बघू'चा अर्थ ठाऊक होता.

मित्रांनो, दुसऱ्या व्यवस्थेसाठी डिस्क पुन्हा तयार करायची म्हणजे तिच्यावरचं सगळं पुसावं लागतं. मी भ्याले नाही, कारण ईश्वरीचा हात घाईचा नव्हता. तिनं आधी माझ्यातले सगळे नमुने थोरलीकडे उतरवले. एकेक उघडून पाहिला. आप्पांना बजावलं, "आता जुनं सगळं सी मधी हाय. डी उघडू नका." सी म्हणजे थोरली, डी म्हणजे मी. मगच तिनं मला फॉरमॅट केलं. जुने बांध मोडले, नवे पडले. रान तेच, पेरा वेगळा. माझ्या मनात तेव्हा ओवी उठली:

नांगरलं रान बाई, बांध घातला गं नवा
लेकीच्या ओंजळीत उद्याच्या पेऱ्याचा ठेवा

त्या कोऱ्या रानात ईश्वरीनं पहिल्यांदा काय ठेवलं असेल? तोच नंदी.

मग तिनं माझ्यावर एक प्रोग्राम रचला. पत्रिकांच्या ऑर्डरी भरायच्या, आणि ज्याचा मुहूर्त जवळ त्याची पत्रिका आपोआप वर. चुकायची, पुसायची, पुन्हा लिहायची. महिनोन्महिन्यांचं ते काम फक्त माझ्यात होतं. थोरली आता गच्च भरली होती, दुसरीकडे उतरवायला सोय नव्हती, म्हणून मलाच कॉम्प्युटरातून काढून औरंगाबादला न्यायचं ठरलं होतं. आप्पांनी होकार दिला तर.

मुलाखत तोंडावर आली होती. ईश्वरी पत्रिकांचा कागद आणायला अंबाजोगाईला गेली होती आणि दुकानात आप्पा एकटेच होते. तेवढ्यात धुळाजी आला, त्यांचा शाळेतला सोबती.

"सिद्धाराम, माझ्या थोरल्या पोरीच्या लग्नाला छापलती तशीच पत्रिका काढ. ह्या बारीला धाकटीचं हाय. नवरदेवाचं नाव तेवढं बदल."

"आन् नवरदेव?"

"त्यो बी बदलला बे, नावासंगट."

हसत हसत आप्पांनी सवयीनं माऊसचा बाण डी वर नेला. इतकी वर्षं तिथंच तर होतं सगळं. पण थोरलीच्या विंडोजला माझी नवी मांडणी वाचता येत नव्हती. जे वाचता येत नाही ते तिला कोरंच वाटलं. पडद्यावर चौकट उमटली. आप्पांनी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचली. ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? खाली दोन बटणं होती. होय आणि नाही.

"काय म्हणतंय?" धुळाजीनं मान पुढं केली.

"म्हणतंय, ही कोरी हाय. हिला तयार करू का."

"मग दाब की बे 'होय'. मला पुढं सोनाराकडं जायचंय."

बाण 'होय'वर येऊन थांबला. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मी नुसती गरगरत राहिले. पोरीचं सगळं पुढचं आयुष्य माझ्यात होतं आणि वर 'नाही' न म्हणणाऱ्या माणसाचं बोट होतं.

आप्पांचं बोट थबकलं.

"कोरी कशी असंल?" ते स्वतःशीच बोलले.

"मशीन का खोटं बोलतंय?"

"मशीनचं मला ठाव न्हाई. पण माझी पोरगी भांडं रिकामं ठेवत न्हाई." आणि त्यांनी बाण सरकवून 'नाही' दाबलं. मग खुर्ची मागं सारून म्हणाले, "धुळाजी, आज पत्रिका न्हाई मिळायची. पोरगी आल्यावर ये."

धुळाजी म्हणाला, "शाळेपासनं वळखतो तुला. 'न्हाई' म्हणलेलं आजच ऐकलं."

मित्रांनो, आता मी थकले आहे. ईश्वरीच्या औरंगाबादच्या घरात, कपाटात, त्याच टॉवेलात असते. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पडद्यानं विचारलं म्हणून 'होय' म्हणू नका. जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा. आणि कुणाचं काम आपल्याला वाचता येत नाही म्हणून त्याला कोरं समजू नका.

तर त्या 'नाही'च्या दिवशी ईश्वरी कागदाचे गठ्ठे घेऊन दुकानात आली. आप्पांनी घडलेलं सांगितलं. तिनं गठ्ठे तिथंच टाकले. मग तिनं कॉम्प्युटर लिनक्समधून सुरू केला. पडद्यावर आधी नंदी आला, मागोमाग तिचा प्रोग्राम, जसाच्या तसा.

"हे काय करतं?" आप्पांनी विचारलं.

तिनं धुळाजीच्या धाकटीचं लग्न त्यात भरलं. नाव सरसर वर चढलं आणि पहिल्या ओळीत जाऊन बसलं. आप्पांनी बोट लावून ती ओळ वाचली.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "परवा हिला घेऊन..."

शिवकांताबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबशी तशीच हातात धरली.

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तुला जमंल का, ह्याची मला कधी काळजी नव्हती, बाई. तुझ्याबिगर ह्या दुकानात मला करमायचं न्हाई, म्हणून 'बघू' म्हणत गेलो," ते म्हणाले. "जा तू. मी येतो तुझ्यासंगं. डिस्क मी धरीन मांडीवर."